न सांगता येणारी दातदुखी

तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक दातांवर बोलणार म्हटल्यावर इथे खोपटमध्ये आमच्या कट्ट्यावर बरीच थट्टा झाली. तेव्हा आधी कारण सांगतो.

माझा नातू स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. तो फारसा बोलत नाही. आठ वर्षांचा असताना तो अचानक भिंतीवर डोकं आपटायला लागला, जेवेनासा झाला. आम्ही म्हटलं, 'हे त्याचं नेहमीचंच.' तीन आठवड्यांनी कळलं, दाढ किडली होती. दुसऱ्याची वेदना आपल्याला कळते कशी, हा प्रश्न मी आयुष्यभर वर्गात शिकवला, आणि घरात नापास झालो.

आता इतिहासाकडे वळू. लिओ कॅनर यांचा ऑटिझमवरचा निबंध 1943 सालचा. पुढच्याच वर्षी मुंबईत वकील दांपत्याने, आपल्या मुलीला डाऊन सिंड्रोम होता म्हणून, विशेष मुलांसाठी शाळा काढली. तीच आजची जय वकील संस्था. म्हणजे शिक्षणाचं दार थोडं तरी किलकिलं झालं होतं. दंतवैद्याच्या खुर्चीत काय चाललं होतं? 1920च्या दशकात अमेरिकेत एव्हँजेलिन जॉर्डन यांनी मुलांच्या दंतोपचारावर पुस्तक लिहिलं. न ऐकता रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर घडी केलेला रुमाल धरावा, असा त्यात सल्ला आहे. पुढे रुमालाच्या जागी हात आला. 1959 साली ॲडलस्टन यांनी वेगळी रीत मांडली: आधी सांगा, मग दाखवा, मग करा. पण बघा, तोंडावर हात धरण्याची पद्धत अमेरिकेतल्या बालदंतवैद्यांच्या अकादमीने आपल्या मार्गदर्शक सूचनांतून काढली ती थेट 2006 मध्ये!

आपल्याकडे 1995च्या अपंग कायद्यात ऑटिझमचं नाव नव्हतं. ते 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आलं. 2016च्या कायद्याने 21 प्रकारची अपंगत्वं मानली, आणि कलम 25ने उपचारात प्राधान्य देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. कायद्यात जागा मिळाली. पण खुर्चीत?

या मुलांचे दात मुळात वेगळे म्हणून किडतात, असं सहसा नसतं. ब्रशचा स्पर्श, पेस्टची चव सहन होत नाही. मऊ घास गालात साठवला जातो. शाबासकी म्हणून आपणच चॉकलेट देतो. औषधांची सिरप गोड असतात. फिटवरच्या फेनिटॉइनने हिरड्या वाढतात, मग घासणं आणखी कठीण होतं.

नातवाला पहिल्या ठिकाणी तिघांनी दाबून धरलं होतं. त्यानंतर वर्षभर तो ब्रश पाहूनच पळायचा. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी पहिल्या भेटीत त्याला नुसतं खुर्चीत बसू दिलं. दुसऱ्या भेटीत आरसा त्याच्या हातात दिला. चौथ्या भेटीला त्याने आपणहून तोंड उघडलं. वेळ लागला, हे खरं. काही मुलांना भूल द्यावीच लागते, त्यात कमीपणा नाही.

एवढंच लक्षात ठेवा: न बोलणारं मूल अचानक बदललं, तर स्वभावाला दोष देण्याआधी त्याचं तोंड तपासून घ्या. आता तुमचे प्रश्न घेऊ.