आग विझल्यावरची ओल

लीड्समध्ये भिंतीला भिंत लावून उभ्या असलेल्या व्हिक्टोरियन घरांतून ओलीची तक्रार आली की मी आधी विचारते, या खोलीत कोळसा शेवटचा कधी जळला? घरमालक गोंधळतात. गळकं छप्पर, फुटका पाइप, जमिनीतून चढणारं पाणी, ओलीची एवढीच कारणं त्यांनी ऐकलेली असतात. जुन्या घरांची तपासणी हा माझा व्यवसाय आहे, आणि बंद चिमणीभोवतीची ओल समजायची तर त्या घरातल्या आगीचा इतिहास माहीत हवा, असं माझं ठाम मत आहे.

इंग्लंडमध्ये सामान्यांच्या घराला चिमणी तशी उशिराच आली. त्याआधी घराच्या मधोमध चूल असे आणि धूर आढ्यातून वाट काढी. आपल्या आसपास किती चिमण्या नव्याने उभ्या राहिल्या, याची नोंद विल्यम हॅरिसन या पाद्र्याने 1577 साली केली आहे. 1662 साली सरकारने प्रत्येक चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग कर बसवला. चुली मोजायला माणसं थेट घरात शिरत, त्यामुळे लोक या कराचा मनापासून तिरस्कार करत. 1689 साली तो रद्द झाला. पुढे कोळसा स्वस्त झाला आणि व्हिक्टोरियन काळात निजायच्या खोल्यांतही फायरप्लेस आली. प्रत्येक फायरप्लेसचं धुराडं वेगळं, साधारण नऊ इंच चौरस, विटांच्या जाड भिंतीतून वर गेलेलं. त्याला आतून चुना आणि गाईच्या शेणाचा गिलावा असे. यॉर्कशरच्या गवंड्यांचं हे शेणकाम पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाईचा आमचा वाडा आठवला आणि या घरांबद्दल आपलेपणा वाटू लागला.

आग पेटती होती तोवर चिमणी घराचं नाक होती. खिडक्या-दारांच्या फटींतून हवा आत यायची आणि धुराबरोबर वर जायची. पाऊस धुराड्यात पडला तरी उष्णतेने वाळून जायचा.

1952 च्या डिसेंबरात, 5 ते 9 तारखांना, लंडनवर कोळशाच्या धुराचं दाट धुकं बसलं. सुरुवातीच्या हिशेबातच सुमारे चार हजार माणसं गेली. नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला. 1956 साली स्वच्छ हवेचा कायदा आला आणि गावागावांत धूरबंदीचे विभाग ठरले. 1965 साली उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला. 1967 नंतरच्या दहा वर्षांत देशभरातली गॅसची उपकरणं त्याच्यासाठी बदलली गेली. कायदा गरजेचाच होता, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण कोळशाची आग बंद झाली तशी घराघरांत फायरप्लेसवर हार्डबोर्ड ठोकला गेला, वरून वॉलपेपर चढला आणि आतल्या धुराड्याचा विचार कोणीच केला नाही.

त्या धुराड्यात शंभर वर्षांची काजळी तशीच होती. कोळशाच्या धुरातून गंधकाची आम्लं, क्लोराइड आणि अमोनियाचे क्षार विटांत मुरलेले असतात. वरून पाऊस येतो, खालून वारा नाही. क्षार पाण्याबरोबर सरकत गिलाव्यापर्यंत पोचतात आणि भिंतीला लोणा लागतो. त्याचा डाग पिवळट-तपकिरी असतो. बाहेर चुन्याच्या सांध्यांतही हेच गंधक काम करतं. पावसाच्या बाजूचा चुना फुगतो आणि चिमणी विरुद्ध बाजूला कलते. लीड्सच्या छपरांवर अशा कललेल्या चिमण्या मी नेहमी पाहते.

सांगलीहून आलेल्या एका तरुण जोडप्याने मला घरी बोलावलं होतं. "ताई, आठवडाभर पाऊस नाही, मग भिंत ओली कशी?" त्यांचा प्रश्न अगदी नेमका होता. क्षार हवेतलं पाणी ओढतात, म्हणून दमट दिवशी पावसाविनाही डाग गडद होतो. पाऊस पडून गेल्यावरच डाग वाढला, तर छप्पर आणि चिमणीच्या सांध्यावरची शिशाची पट्टी पाहावी. त्यांना एका ठेकेदाराने ओलीचं मीटर लावून, मोठा आकडा दाखवून, भिंतीत रसायन भरायचं अंदाजपत्रक दिलं होतं. ते मीटर विजेचं वहन मोजतं, आणि क्षारांतूनही वीज वाहते. हे न सांगता आकडा दाखवणं मला अन्यायाचं वाटतं. गिलाव्याचा तुकडा काढून, ठरावीक दमटपणात ठेवून, मग भट्टीत वाळवून, दर टप्प्याला वजन केलं, तर क्षारांनी किती पाणी ओढलं आणि बाहेरून किती आलं हे वेगळं कळतं.

त्या घरात दोन्ही कारणं होती. शिशाची पट्टी उचकटली होती, ती बदलायला सांगितली. धुराडं झाडून साफ करायचं, माथ्यावर पाऊस अडवणारी पण हवा जाऊ देणारी टोपी बसवायची आणि खालच्या हार्डबोर्डमध्ये जाळी लावायची. सिमेंटने दोन्ही तोंडं कधीच लिंपू नयेत. आत अडकलेली दमट हवा थंड विटांवर पाणी होऊन बसते. क्षार मुरलेला गिलावा डागाच्या बराच पलीकडपर्यंत खरवडून काढायचा, कारण त्यावर कितीही रंग दिला तरी डाग पुन्हा फुटतो.

"रंग दिवाळीपर्यंत होईल ना?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. भिंत वाळायला एका इंचाला साधारण एक महिना, असा इथल्या कारागिरांचा ढोबळ हिशेब आहे, आणि ती भिंत नऊ इंचांची होती. उघड्या विटा उन्हाळ्यापर्यंत तशाच ठेवून मग चुन्याचा गिलावा करा, असं मी त्यांना लिहून दिलं.