सहाशे वीस

मागच्या मंगळवारी रात्री साडेअकराला मामेबहिणीचा फोन आला. एवढ्या रात्री फोन म्हणजे आधी पोटात गोळाच येतो.

"दादा, ५५५ आले. संपलं सगळं."

"अगं, काय संपलं?"

"एमबीएचं. आता फॉर्म भरण्यात काय अर्थ आहे? प्रत्येक फॉर्मचे दोनशे-अडीचशे डॉलर घालवायचे आणि वर नाही ऐकून घ्यायचं."

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी: जीमॅट. परदेशातल्या (आणि आपल्याकडच्याही काही) बिझनेस स्कूलांसाठी द्यायची परीक्षा. नोव्हेंबर २०२३ पासून तिचा नवा अवतार आलाय, त्यात २०५ ते ८०५ मधे मार्क मिळतात. जुन्या मापात तिचे मार्क साधारण सहाशेच्या पुढेमागे. आणि मोठ्या शाळांच्या वेबसाईटवर जुन्या मापातले सातशे तीस वगैरे आकडे वाचून ज्याने तयारी केलीय, त्याला सहाशे म्हणजे नापासच वाटतं.

मला हे माहीत आहे, कारण २००६ साली मला ६२० पडले होते. तेव्हा तर आणखी गंमत होती. पेपर संपला की कॉम्प्युटर विचारायचा, मार्क ठेवायचे की रद्द करायचे? आणि हे मार्क न दाखवता! मी ठेवले. स्क्रीनवर ६२० आले. घरी आलो, चार कॉलेजांची माहिती प्रिंट करून ठेवलेली फाईल कपाटात वरच्या फळीवर टाकली, आणि सोमवारी ऑफिसला जाऊन नेहमीसारखे बग सोडवायला बसलो. कुणालाही बोललो नाही. विचारलंच कुणी, तर "सध्या प्रोजेक्ट सोडता येत नाही" असं सांगायचो.

बहिणीला म्हटलं, रविवारपर्यंत थांब. काही ठरवू नकोस. आणि आठवडाभर ऑफिसातून आल्यावर हा आकडा मुळात आला कुठून, हे वाचत बसलो.

सुरुवात जरा कडवट आहे. १९२३ साली प्रिन्स्टनमधल्या कार्ल ब्रिगम नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक पुस्तक लिहिलं. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या बुद्धिमत्ता चाचण्या घेतल्या होत्या. त्या आकड्यांवरून त्याने निष्कर्ष काढला की उत्तर युरोपातले लोक बाकीच्यांपेक्षा हुशार. याच ब्रिगमच्या देखरेखीखाली १९२६ मधे एसएटी तयार झाली, आणि पहिल्या वर्षी सुमारे आठ हजार मुलांनी ती दिली. पुढे १९३० मधे त्याने स्वतःच जाहीरपणे लिहिलं की आपल्या त्या पुस्तकाला काही आधार नव्हता. आपल्या कोडमधली चूक सात वर्षांनी चारचौघांत कबूल करणारे किती लोक तुम्हाला माहीत आहेत? मला तरी फार नाहीत.

पण परीक्षा राहिली, आणि पुढे तिचा उपयोग अगदी उलट कामासाठी झाला. हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कोनंट यांना तिथल्या वर्गात ठरावीक बोर्डिंग शाळांतली, ठरावीक घरांतली मुलंच दिसत होती. त्यांना लांबच्या गावांतली, ओळखपाळख नसलेली हुशार मुलं शिष्यवृत्ती देऊन आणायची होती. पण कुठल्या तरी कोपऱ्यातल्या शाळेतला पहिला नंबर किती खरा, हे कळणार कसं? तिथे ही परीक्षा कामाला आली. कोनंटसाठी हे काम करणारा हेन्री चॉन्सी पुढे १९४७ मधे स्थापन झालेल्या ईटीएसचा पहिला प्रमुख झाला.

मग दुसरं महायुद्ध संपलं. १९४४ च्या जीआय बिलामुळे वीस लाखांहून जास्त माजी सैनिक सरकारी पैशाने कॉलेजात गेले. ही गर्दी सरकत सरकत पदव्युत्तर शिक्षणापर्यंत आली, आणि बिझनेस स्कूलांच्या टेबलावर कधी नावही न ऐकलेल्या कॉलेजांमधले अर्ज येऊन पडले. १९५३ मधे नऊ शाळा ईटीएसबरोबर बसल्या. त्यात कोलंबिया, हार्वर्ड, शिकागो अशी बडी नावं होती, तशीच रटगर्स आणि सीटन हॉलही. त्यांच्या परीक्षेला पहिल्या वर्षी जेमतेम दोन हजारांच्या वर लोक बसले. १९७६ मधे तिचं नाव जीमॅट झालं.

आता तुम्ही म्हणाल, ह्या इतिहासाचं करायचं काय? तर मला महत्त्वाचं वाटलं ते हे. त्या शाळांचा प्रश्न अगदी छोटा होता: हा उमेदवार आमच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात तग धरेल का? चांगला मॅनेजर होईल का, कंपनी काढेल का, हे त्या परीक्षेला कुणी विचारलंच नव्हतं. आपण सॉफ्टवेअरवाले असतो ना, लोड टेस्ट पास झाली म्हणून प्रॉडक्ट चांगलं असं म्हणत नाही. हे तसंच.

बरं, त्या छोट्या प्रश्नाचं उत्तर तरी किती नीट मिळतं? जीमॅटचे मार्क आणि पहिल्या वर्षाचे मार्क यांच्यातला सहसंबंध वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण ०.३ ते ०.५ च्या आसपास येतो. स्टॅटिस्टिक्स आठवत असेल तर याचा वर्ग करा. म्हणजे वर्गात कोण पुढे, कोण मागे यातला ९ ते २५ टक्के फरक परीक्षा सांगते. बाकीचा दुसऱ्या कशाकशाने ठरतो. शिवाय परीक्षेतच ३०-४० मार्कांची मोजमापाची चूक धरलेली असते. म्हणजे ६२० वाला आणि ६५० वाला यांत खात्रीने फरक आहे, असं परीक्षा घेणारेही म्हणत नव्हते. मी मात्र ६२० हा आकडा दगडावर कोरल्यासारखा धरून बसलो.

पण लगेच "परीक्षा म्हणजे थोतांड" असंही म्हणू नका. २००७ मधे नेथन कन्सेल आणि सहकाऱ्यांनी अनेक जुने अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा पहिल्या वर्षाचा अंदाज द्यायला जीमॅट ही कॉलेजातल्या मार्कांपेक्षा सरस निघाली. कच्ची का असेना, हातातल्या मापांत ती बरी आहे.

यातला सगळ्यात मजेदार किस्सा हार्वर्ड बिझनेस स्कूलचा. परीक्षा सुरू करणाऱ्या नऊ शाळांपैकी एक, आणि १९८५ मधे त्यांनीच ती मागणं बंद केलं! तिथला वर्ग चालतो केसवर. साधारण नव्वद मुलं, प्राध्यापक आल्या आल्या कुणाला तरी उभं करून विचारणार, "तुम्ही या कंपनीच्या जागी असता तर काय केलं असतं?" वर्गात काय बोललात याला भरपूर मार्क. हे बहुपर्यायी प्रश्नांत कसं मोजणार? त्यामुळे सुमारे दहा वर्षं जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या बिझनेस स्कूलला जीमॅटशिवाय प्रवेश मिळत होता. पुढे फेसबुकमधे गाजलेल्या शेरिल सँडबर्ग १९९५ मधे तिथून बाहेर पडल्या, म्हणजे त्याच काळातल्या.

आणि नव्वदच्या दशकातच ती परीक्षा परतही आली. मला यात नवल वाटत नाही. परीक्षा काढली की उरतात निबंध, शिफारसपत्रं, कंपनीचं नाव, कॉलेजचं नाव. यातलं प्रत्येक पैशाने आणि ओळखीने चकाचक करता येतं. शिवाय मधल्या काळात रँकिंग सुरू झाली होती. बिझनेसवीकची यादी १९८८ ची. यूएस न्यूजच्या गणितात तर वर्गाचे सरासरी जीमॅट मार्कही धरतात. आता कमी मार्कांचा एक विद्यार्थी घेतला की शाळेची सरासरी खाली येते. म्हणजे जो आकडा तुम्हाला मोजायला काढला होता, तो शाळेला मोजायला लागला. आजच्या ५५५ ची भीती बरीचशी इथून आलीय, १९५३ मधून नाही.

शेवटची गोष्ट वाचून मात्र मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. ही बिझनेस स्कूलची नाही, पदवीच्या प्रवेशाची आहे. कोविडमधे अनेक अमेरिकन कॉलेजांनी एसएटी ऐच्छिक केली. डार्टमथने फेब्रुवारी २०२४ मधे ती पुन्हा सक्तीची केली, आणि कारण काय दिलं? त्यांच्याच प्राध्यापकांना असं आढळलं की गरीब घरांतल्या काही मुलांनी आपले मार्क 'कमी' समजून पाठवलेच नव्हते. १६०० पैकी १४०० च्या घरातले मार्क! ज्या शाळांमधून ती मुलं आली होती, ते बघता त्या मार्कांनी त्यांना फायदाच झाला असता. म्हणजे कॉलेज त्यांना नाही म्हणालंच नव्हतं. त्यांनी घरीच बसून स्वतःला नाही म्हणून टाकलं.

मला अजून आठवतं, ती फाईल निळ्या रंगाची होती.

असो. रविवारी बहिणीशी बोललो. खोटा धीर दिला नाही. भारतातून अर्ज करणारे ढिगाने, त्यात चांगले मार्कवाले ढिगाने, त्यामुळे ५५५ ने वाट अवघड होणार हे खरंच आहे. वर्षात पाच वेळा परीक्षा देता येते, तर अजून एकदा दे म्हटलं. पण फॉर्म भर. ही मुलगी गेली तीन वर्षं सांगली जिल्ह्यात एका डेअरीचं दूध संकलन बघतेय. फॅट कमी लागली म्हणून भांडायला आलेल्या शेतकऱ्याला बसवून, चहा पाजून, त्याच्यासमोर पुन्हा टेस्ट करून दाखवते. नव्वद जणांच्या वर्गात हिला उभं केलं तर काय बोलायचं हे तिला शिकवावं लागणार नाही. पण हे त्या प्रवेश समितीला कळणार कधी? पाकीट त्यांच्यापर्यंत पोचलं तरच.

संध्याकाळी तिने निबंधाचा मसुदा पाठवला. पहिल्याच ओळीत ५५५ ची माफी मागितली होती, आजारपण, ऑफिसचा ताण वगैरे. ती ओळ मी उडवली. दुसरी ओळ होती पहाटे चारला घाटात बंद पडलेल्या टँकरची, आत दहा हजार लिटर दूध आणि वर चढत जाणारा सूर्य.

म्हटलं, इथून सुरू कर.