‘लुई’ खुर्चीचें मूळ

मुंबईच्या उपनगरांत, अंधेरी व गोरेगांव यांच्या दरम्यान, ओशिवऱ्याचा जुन्या लांकूडसामानाचा बाजार प्रसिद्ध आहे. तेथें कोरीव पाठीच्या खुर्च्या ‘लुई’ या नांवानें विकल्या जातात. आमच्या एका संग्राहक स्नेह्यांनीं अशी एक जोडी ‘सोळाव्या लुईच्या काळची’ म्हणून घेतली व काल ठरविण्याचें काम आमच्याकडे सोंपविलें. पोथीच्या पुष्पिकेवर आपण एकदम विश्वास ठेवीत नाहीं. कागद, शाई व अक्षरवळण पाहतों. तीच रीत आम्हीं येथें लावली.

प्रथम नांवाचा विचार करूं. पंधराव्या लुईच्या खुर्चीचा पाय वांकडा असतो; सोळाव्याचा सरळ, खालीं निमुळता व उभ्या खोबणींचा. हा पाय म्हणजे प्राचीन स्तंभाचेंच लघुरूप होय. सोळावा लुई इ. स. १७७४ त गादीवर आला; पण ही अभिरुचि त्यापूर्वींच रुजली होती. इटलींत १७३८ त हर्क्युलेनियम व १७४८ त पाँपेई येथें उत्खननें सुरू झालीं आणि गाडलेल्या नगरांतील वस्तु कारागिरांपुढें आदर्श म्हणून आल्या. पुढें झोर्झ झाकॉब या पॅरिसच्या कारागिरानें चित्रकार दावीद याच्याकरितां प्राचीन नमुन्यांवरून आसनें घडविलीं. तिसऱ्या नेपोलियनची राणी युजेनी हिला मारी आंत्वानेतविषयीं फार ओढ होती. तिच्या काळीं, म्हणजे १८५३ नंतर, सोळाव्या लुईची रीति पुनः प्रचारांत आली. तेव्हां रीति जुनी म्हणून वस्तुही तितकीच जुनी, असें ठरत नाहीं.

आतां प्रत्यक्ष परीक्षा. पॅरिसच्या त्या काळच्या खुर्च्यांच्या चौकटी बहुधा बीच लांकडाच्या असत. येथें सोनेरी रंगाचा टवका उडाला आहे तेथें शिसव दिसतें. बैठकीखालीं करवतीच्या खुणा कमानदार आहेत, म्हणजे करवत चक्राकार होती. स्क्रू टोंकदार व एकसारख्या आट्यांचे आहेत. तसे १८४० नंतरच रूढ झाले. कारागिराचा शिक्का नाहीं. पॅरिसच्या संघाचा शिक्क्याचा नियम १७४३ चा व संघ मोडला १७९१ त. परंतु सर्वांनीं तो पाळला नसल्यानें केवळ शिक्क्याच्या अभावावर आम्ही भर देत नाहीं.

निर्णायक पुरावा निराळाच आहे. पाय व चौकट यांच्या सांध्यावरील चौकोनी ठोकळ्यांत फ्रेंच रीतीचें फूल हवें. तेथें आठ पाकळ्यांचें कमळ कोरलें आहे. लेखकाच्या हातून झालेला पाठभेद जसा त्याचा देश सांगतो, तसें हें कमळ सुताराचा देश सांगतें. एकोणिसाव्या शतकांत मुंबईंत कोरीव शिसवी सामानाचा मोठा धंदा होता; ही जोडी त्याच परंपरेची, त्या शतकाच्या मध्यानंतरची, असें आमचें मत आहे.

पाय लोंबते सोडून बसण्याची रीत आपणांस परकी नव्हे. अथर्ववेदाच्या पंधराव्या कांडांत व्रात्याच्या आसंदीचें वर्णन आहे. बोरिवलीजवळ कान्हेरीच्या लेण्यांत बुद्ध प्रलंबपाद आसनांत बसलेला आहे. मात्र एवढ्यावरून फ्रेंच खुर्ची येथून गेली असें म्हणणें हा निव्वळ अविचार होय.

स्नेही खिन्न झाले व रंग खरवडून खुर्च्या विकावयास निघाले. आम्हीं त्यांना थांबविलें. विक्रेत्याची पुष्पिका खोटी ठरली. ग्रंथ खोटा ठरला नाहीं. उपनगरांतील जुने बंगले पडत आहेत, आणि बाजारांत येतांच वस्तूचें घर विसरलें जातें. संग्राहकांनीं निदान तेवढें तरी लिहून ठेवावें, ही विनंति.