मान उचलता येते का, हे बघणारी सिस्टर

२०१७ चा फवारणीचा हंगाम आपला जिल्हा विसरलेला नाही. कपाशीवर फवारता फवारता शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून जास्त माणसं गेली. सरकारनं एसआयटी नेमली. कंपन्या, पंप, मास्क, सगळ्यावर बोलणं झालं, व्हायलाच पाहिजे होतं. पण दवाखान्यात रात्रभर या रुग्णांच्या उशाशी असणाऱ्या सिस्टरांचा विषय मात्र मागंच राहिला.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस या गटातलं विष फसवं असतं. अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन एकदा दिलं की झालं, असं नसतं. डोळ्याची बाहुली, नाडी, घाम, छातीतली घरघर पुन्हा पुन्हा बघून डोस ठरतो. कमी पडला तर छाती स्रावानं भरते, जास्त झाला तर रुग्ण बरळायला लागतो. त्यात बरा वाटणारा माणूसही एक ते चार दिवसांत अचानक ढासळू शकतो. आधी मान लुळी पडते, मग श्वास अडतो. "दादा, उशीवरून डोकं उचला बरं," असं म्हणून बघणारी सिस्टर वेळेवर जवळ असली, तरच व्हेंटिलेटर वेळेवर लागतो.

आयसीयूचा इतिहासही हेच सांगतो. १९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण खूप आणि यंत्रं मोजकीच. डॉ. ब्योर्न इब्सेन यांनी रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवी हातानं दाबत श्वास द्यायची पद्धत सुरू केली. शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. अशा रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. त्याच अनुभवातून १९५३ मध्ये तिथं गंभीर रुग्णांसाठी वेगळा विभाग उभा राहिला. म्हणजे आयसीयू सुरू झाला तो खाटेजवळ बसलेल्या माणसाच्या भरवशावर.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकषही आयसीयूत एका रुग्णामागं एक परिचारिका असाच आहे. एकाच सिस्टरवर चार-पाच खाटा आल्या, तर ती कुणाची मान बघणार आणि कुणाची नाडी?

नवीन व्हेंटिलेटर आले की फीत कापली जाते, फोटो निघतात. चांगलंच आहे. पण पुढच्या वेळी पुढाऱ्यांना एवढं विचारा: साहेब, रात्रपाळीला सिस्टर किती? फवारणीचा हंगाम तर दरवर्षी येतो.