'लँड' म्हणजे नेमकं काय? होडी, मासळी, विमान आणि चक्रीवादळ

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याकडे येत होतं, तेव्हा प्रत्येकाच्या मोबाईलवर एक शब्द फिरत होता: 'लँडफॉल'. मराठी बातम्यांत त्याचं झालं 'धडकणार'. अनेकांनी त्यातून एकच ठिकाण आणि एकच वेळ गृहीत धरली. शब्दाचा खरा अर्थ तसा नाही. तो समजण्यासाठी आधी 'लँड' हे क्रियापद पाहू.

'लँड' म्हणजे जमीन, हे सगळ्यांना माहीत आहे. क्रियापद म्हणून मात्र त्याचा अर्थ संदर्भाप्रमाणे बदलतो.

१. किनाऱ्याला लागणे, उतरणे
हा सर्वांत जुना अर्थ. पाण्यातून जमिनीवर येणं म्हणजे 'लँड' होणं. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट मांडव्याला 'लागते' आणि प्रवासी 'उतरतात'. मराठीत आपण दोन क्रियापदं वापरतो, इंग्रजीत दोन्हींसाठी 'लँड' चालतं.

२. उतरवणे
इथे कोणीतरी माल किंवा माणसं किनाऱ्यावर आणतं. याच अर्थाने श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीचं नाव देशभर गेलं. मुंबईतल्या १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स त्याआधी फेब्रुवारीत इथे उतरवलं गेलं. त्या खटल्याच्या बातम्यांत 'शेखाडी लँडिंग' असा उल्लेख येतो, तो विमानाचा नव्हे.

३. मासळी बंदरात आणणे
गळाला लागलेला मासा पाण्याबाहेर काढणं हेही 'लँड' करणं. होड्या जिथे मासळी उतरवतात ते 'फिश लँडिंग सेंटर'. म्हणून 'यंदा फिश लँडिंग घटलं' या बातमीचा अर्थ बंदरात कमी मासळी आली, एवढाच. समुद्रात मासे किती आहेत, हे त्या आकड्यावरून थेट कळत नाही. होड्या कमी दिवस समुद्रात गेल्या, तरी आकडा खाली येतो.

४. विमान उतरणे
विमानं आल्यावर बोटीचाच शब्द त्यांना लागला. रायगड जिल्ह्यातल्या नवी मुंबई विमानतळाच्या धावपट्टीवर ११ ऑक्टोबर २०२४ रोजी हवाई दलाचं सी-२९५ विमान उतरलं, तेही 'लँडिंग'च. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, तेव्हा तर किनाराही नव्हता. पृष्ठभागावर टेकणं एवढाच अर्थ उरला.

५. बोलण्यातले अर्थ
• 'लँड अ जॉब': प्रयत्नांनंतर नोकरी मिळवणे.
• 'लँड इन ट्रबल': अडचणीत सापडणे.
• 'द पंच लँडेड': ठोसा नेमका बसला.
• 'द जोक डिडन्ट लँड': विनोद पोहोचलाच नाही. रील्सखालच्या कमेंटमध्ये हा अर्थ हमखास दिसतो.

६. मग 'लँडफॉल' म्हणजे काय?
हे क्रियापद नाही, नाम आहे. लांबच्या सफरीनंतर जमीन दिसणं किंवा गाठणं, यासाठी हा खलाशांचा शब्द. चक्रीवादळ 'लँड' झालं असं इंग्रजीत सहसा म्हणत नाहीत, 'मेक लँडफॉल' म्हणतात.

हवामानशास्त्रात लँडफॉल म्हणजे वादळाचा केंद्रबिंदू किनारा ओलांडतो तो टप्पा. पण वादळ शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं आणि सर्वांत जोरदार वारे बरोबर केंद्रात नसतात, त्याच्या भोवती असतात. त्यामुळे:

• जाहीर झालेल्या वेळेच्या कितीतरी आधी घातक वारा सुरू होऊ शकतो.
• केंद्र डोक्यावर आलं की वारा काही वेळ पडतो. मग तो उलट दिशेने पुन्हा सुटतो.
• 'अलिबागजवळ' असं म्हटलं, तरी फटका फक्त अलिबागला बसत नाही.

'निसर्ग'ने दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडला. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून जास्त होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड भागात घरांची छपरं उडाली, विजेचे खांब पडले आणि नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचं नवं झाड फळाला यायला काही वर्षं जातात, म्हणजे एका दुपारचं नुकसान वाडीवाल्यांना वर्षानुवर्षं सोसावं लागतं.

थोडक्यात, 'धडकणार' हा शब्द एका क्षणाचा वाटतो, पण लँडफॉल काही तासांचा असतो. पुढच्या वेळी असा मेसेज आला, तर दिलेली वेळ वादळाच्या केंद्राची आहे हे लक्षात ठेवा. तयारी त्याआधीच पूर्ण करा. वारा अचानक थांबला म्हणून छप्पर बघायला बाहेर पडू नका, प्रशासनाची सूचना येईपर्यंत आतच थांबा. आणि मेसेज पुढे पाठवताना त्यात हा अर्थही एका ओळीत लिहा.