कडबा आणि दख्खनची गुरे

दख्खनच्या पठारावर गुरांची वैरण म्हणजे प्रामुख्याने ज्वारीचा कडबा. सोलापूर, नगर, मराठवाडा या कमी पावसाच्या भागांत कणसे खुडून झाली की ताटांच्या पेंढ्या बांधून गंज रचली जाई आणि पुढच्या पावसापर्यंत दावणीची सारी भिस्त तिच्यावर असे. कडब्यातला तंतुमय भाग जनावराच्या पोटातले सूक्ष्मजीव पचवतात. पण त्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के आणि स्फुरदही कमी. नुसत्या कडब्यावर बैल तगतो, मात्र वासराची वाढ खुंटते, कालवड उशिरा माजावर येते. स्फुरद फारच कमी पडले तर जनावरे हाडे नि चिंध्या चघळू लागतात. ही उणीव शेतकरी सरकी, पेंड, शिजवलेले हुलगे आणि पावसाळ्यात गायरानातला हिरवा चारा देऊन भरून काढत.

यातले चराऊ रान आधी हातचे गेले. 1878 च्या वन कायद्याने राने राखीव होऊ लागली. 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना जोतीराव फुले यांनी गुरांच्या हालांबद्दल जंगल खात्याला धारेवर धरले, आणि ते रास्तच होते. शाही कृषी आयोगाच्या 1928 च्या अहवालात पुढचे दुष्टचक्र दिसते. चारा अपुरा म्हणून जनावरे दुबळी, दुबळी म्हणून जास्त पाळायची, आणि जास्त झाली की प्रत्येकाच्या वाट्याची वैरण आणखी घटायची.

1964 मध्ये सीएसएच-1 ही संकरित ज्वारी आली. धान्य वाढले, पण ताटे बुटकी राहिली. रब्बीत मात्र मोहोळला निवडलेली उंच मालदांडी टिकली, कारण शेतकऱ्याला दाण्याइतकीच कडब्याची गरज होती.

मणिभाई देसाई यांनी 1967 मध्ये उरुळीकांचनला ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली आणि संकरित गाय खेडोपाडी पोचली. तिची दूध देण्याची ताकद मोठी, तशी भूकही मोठी. पुरेशी प्रथिने आणि खनिजे मिळाली नाहीत तर ती अंगावरचे मांस झिजवून दूध देते, मग वेळेवर गाभण राहत नाही. जात सुधारली, पण दावणीतली वैरण अनेक ठिकाणी जुनीच राहिली.

ऊसपट्ट्यात आणि दुष्काळी छावण्यांत कडब्याची जागा उसाच्या वाढ्यांनी घेतली. वाढ्यांतले ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते, त्यामुळे ते जनावराच्या अंगी लागत नाही. म्हणून वाढ्यांवर दिवस काढणाऱ्या प्रत्येक गुराला खनिज मिश्रण आणि थोडी तरी पेंड मिळालीच पाहिजे.