फाटलेल्या आवाजाची घडण

आवाज फाटला की आपण तो दोष मानतो. व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर बांधणाऱ्यांचाही कटाक्ष हाच दोष टाळण्याकडे होता. रॉकच्या गिटारने मात्र त्यालाच आपला स्वर केले. त्या स्थित्यंतराचे श्रेय सहसा वादकांच्या बंडखोरीला दिले जाते. आमच्या मते ते बऱ्याच अंशी सर्किटाच्या मांडणीचे आहे.

१९६४ साली किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरला, ती बंडखोरीच. पण त्याआधीच लंडनच्या हॅनवेल भागात, जिम मार्शल यांच्या वाद्यांच्या दुकानात, अमेरिकन फेंडर बासमॅनचे सर्किट समोर ठेवून एक ॲम्प्लिफायर बांधला गेला होता. अनुकरणच म्हणायचे, फक्त पहिल्या व्हॉल्व्हच्या जागी अधिक वर्धन करणारा ईसीसी८३ आला, आणि उघड्या पाठीच्या पेटीऐवजी बंद पेटीत बारा इंची चार स्पीकर बसले. भाषांतरात एखाद-दुसरा शब्द बदलावा आणि कवितेचा सूरच पालटावा, तसे झाले.

तरी एक अडचण उरली. आवाज फाटे तो मुख्यतः स्पीकरला शक्ती पुरवणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हवर भार आल्यावर. म्हणजे तीव्रता हवी तर कानठळ्याही सोसायच्या. १९६५च्या सुमारास पीट टाउनशेंडसारख्यांच्या मागणीवरून शंभर वॅटची यंत्रे आली आणि ही गाठ अधिकच घट्ट झाली.

ती सुटली सत्तरच्या दशकात. कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ यांनी, आणि १९७५च्या '२२०३' या प्रारूपात मार्शलने, सुरुवातीचे लहान व्हॉल्व्ह एकापुढे एक जोडले. पहिल्याने वाढवलेला संकेत दुसऱ्यात जाऊन तेथेच फाटू लागला. पुढे मास्टर व्हॉल्यूम होताच. आता हळू आवाजातही किंचाळता येई! '२२०३'मध्ये एका टप्प्याच्या कॅथोडला १० किलोओहमचा रोध आहे. त्यामुळे तो व्हॉल्व्ह जवळजवळ बंद अवस्थेत चालतो, लहरीची एक बाजू दुसरीच्या आधी कापली जाते आणि वरच्या सप्तकातला उपस्वर जागा होतो. मात्र इतक्या वर्धनात खर्ज चिखलासारखा पसरतो. म्हणून फाटण्यापूर्वीच लहान कपॅसिटरने तो छाटावा लागतो. १९८७च्या सोल्डानो एसएलओ-१०० पर्यंत ही रीत चांगलीच मुरली होती.

याचा परिणाम थेट संगीताच्या व्याकरणावर झाला, आणि आम्हांला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. फाटलेल्या आवाजात दोन स्वर एकत्र वाजले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर निर्माण होतात. गिटारचा गंधार तिच्या समान वाटणीच्या पडद्यांमुळे मुळातच किंचित चढा. त्याच्यासह पूर्ण कॉर्ड वाजवली तर गोंगाट माजतो. म्हणून वादकांनी गंधार टाकला, षड्ज-पंचम तेवढे ठेवले. त्यांचे प्रमाण दोनास तीन, वजाबाकी एक: तो स्वर म्हणजे खालच्या सप्तकातला षड्जच. कोणीही न छेडलेला.